कुत्र्याचा कर्करोग आणि पाच गैरसमज

कर्करोग म्हणजे शरीरातल्या पेशींची बेलगाम वाढ. ज्या प्राण्याच्या शरीरात पेशी सतत झिजतात आणि नव्याने तयार होतात, त्या प्रत्येकाला तो होऊ शकतो. कुत्राही त्यातून सुटत नाही. अमेरिकेतील पशुवैद्यक संघटनेच्या अंदाजानुसार दर चार कुत्र्यांपैकी एकाच्या शरीरात आयुष्यात कधी ना कधी अशी वाढ होते; वयाची दहा वर्षे ओलांडलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण निम्म्याच्या घरात जाते. तरीही सोलापूर शहरातल्या सदनिकांपासून सांगोला-मंगळवेढ्याकडच्या धनगरवाड्यांपर्यंत या आजाराविषयी पाच मते ठामपणे ऐकू येतात. हा आजार विलायती कुत्र्यांचा आहे; न दुखणारी गाठ चरबीची असते; गाठीला सुई किंवा सुरी लावली की रोग पसरतो; रोग कळला तरी उपाय नसतो; आणि नसबंदीने कुत्र्याची तब्येत बिघडते. यांपैकी काहींत थोडे तथ्य आहे. परंतु त्यांवरून काढला जाणारा ‘काही करू नये’ हा निष्कर्ष एकाही बाबतीत टिकत नाही.

पहिले मत देशी रक्ताच्या काटकपणावर उभे आहे. बॉक्सर, रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर या जातींत काही कर्करोग अधिक आढळतात, हे खरेच. पण देशी म्हणून प्राणी सुटतो, हे सोलापूरच्या शेतकऱ्याने तरी म्हणू नये. खिलार बैलाच्या शिंगाचा कर्करोग या भागात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बैल मान तिरकी धरतो, डोके झटकतो, शिंग ढिले पडून वाकते, नाकपुडीतून रक्त येते; ही लक्षणे गोठ्यातला जुना माणूस सहज ओळखतो. खिलार देशीच आहे. कुत्र्यांत तर संसर्गाने पसरणारा जननेंद्रियाचा कर्करोग मोकाट फिरणाऱ्या गावठी कुत्र्यांतच सर्वाधिक दिसतो. गावठी किंवा कारवानी कुत्र्यांत म्हातारपणचे कर्करोग कमी दिसतात, याचे एक साधे कारण असे, की त्यांतले बरेचसे म्हातारपणापर्यंत पोहोचतच नाहीत. डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज आणि महामार्गावरची वाहने त्यांना आधीच गाठतात. लसीकरण वाढेल आणि कुत्री जास्त जगतील, तसा हा आजारही जास्त दिसू लागेल.

दुसरे मत गाठीच्या दुखण्याविषयी आहे. कातडीखालची मऊ, हलणारी गाठ पुष्कळदा चरबीचीच असते, आणि ती निरुपद्रवी असते. पण कर्करोगाची गाठही सुरुवातीला सहसा दुखत नाही. मास्ट पेशींचा कर्करोग तर हुबेहूब चरबीच्या गाठीसारखा, मसासारखा किंवा किडा चावल्यासारखा दिसू शकतो. तो कधी फुगतो, कधी बसतो, आणि बसला की मालक निर्धास्त होतो. बोटांनी चाचपून गाठीचा प्रकार अनुभवी पशुवैद्यालाही खात्रीने सांगता येत नाही. तो सुईने कळतो. इंजेक्शनच्या बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी घ्यायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. या तपासणीला बहुधा भूल लागत नाही, वेळ काही मिनिटांचाच जातो. व्यवहारात एक सोपा नियम वापरला जातो: गाठ एक सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा महिनाभर टिकून असेल, तर ती तपासावी. वाढणारी, रंग बदलणारी किंवा फुटलेली गाठ असेल तर महिन्याचीही वाट पाहू नये.

येथे तिसरे मत आडवे येते. सुई टोचली की कर्करोग ‘उठतो’, असे सांगितले जाते. ही समजूत अनुभवातून आली आहे, पण त्या अनुभवाचा अर्थ चुकीचा लावला गेला आहे. गाठ लिंबाएवढी किंवा नारळाएवढी होईपर्यंत कुत्रे घरीच राहते. दवाखान्यात आणले जाते तेव्हा रोग फुप्फुसापर्यंत गेलेला असतो. पुढे ते दगावते आणि दोष सुईच्या माथी येतो. मूत्राशयाच्या कर्करोगासारख्या काही प्रकारांत पोटातून सुई घातल्याने पेशी सुईच्या वाटेवर रुजल्याची उदाहरणे आहेत, म्हणून तेथे पशुवैद्य ती पद्धत टाळतात. कातडीवरच्या आणि कातडीखालच्या गाठींना हा अपवाद लावता येत नाही. शस्त्रक्रियेचा खरा धोका वेगळाच आहे. गाठीचा प्रकार न पाहता ती अर्धवट काढली, तर मागे राहिलेल्या पेशी पुन्हा वाढतात आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड होते. म्हणून आधी सुईची तपासणी, मग शस्त्रक्रिया, आणि काढलेली गाठ कचऱ्यात न टाकता फॉर्मॅलिनमध्ये घालून प्रयोगशाळेत, हा क्रम पाळावा लागतो.

चौथे मत सर्वांत घातक आहे, कारण ते दयेचा आव आणते. उपाय नाही, मग मुक्या जनावराचे हाल कशाला, असे त्यात म्हटले जाते. त्याला पहिले उत्तर संसर्गजन्य जननेंद्रियाच्या कर्करोगाने मिळते. हा रोग विषाणूमुळे होत नाही. कर्करोगाच्या जिवंत पेशीच समागमातून, चाटण्यातून किंवा हुंगण्यातून एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन वाढतात. १८७६ मध्ये रशियातील पशुवैद्य नोविन्स्की यांनी अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात. या गाठीच्या पेशीत साधारण साठच असतात. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्यात उपजलेल्या पेशींचा तो वंश आज जगभर फिरतो आहे. मादीच्या योनीतून किंवा नराच्या शिश्नावरून आठवडेच्या आठवडे थेंब थेंब रक्त येणे आणि फुलकोबीसारखी लालसर, फुटणारी वाढ दिसणे ही त्याची ओळख. कधी ती नाकात किंवा तोंडातही होते. मादीचे रक्त बऱ्याचदा माजाचे समजून सोडून दिले जाते. या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन हे औषध आठवड्यातून एकदा शिरेतून देतात आणि बहुतेक कुत्री चार ते सहा मात्रांत बरी होतात. ते शिरेबाहेर सांडले तर तेथले मांस झडते, म्हणून देणारा हात पशुवैद्याचाच हवा. माणसाला या रोगाची लागण होत नाही.

सगळेच कर्करोग इतके आज्ञाधारक नसतात. सडांतली गाठ लहान असताना काढली, तर पुष्कळ माद्या त्यानंतर वर्षानुवर्षे जगतात. लसिका ग्रंथींच्या कर्करोगात उपचाराविना कुत्रे साधारण महिना-दीड महिना काढते. अनेक औषधे मिळून दिलेल्या उपचाराने ती मुदत बहुधा वर्षाच्या आसपास जाते. हाडाच्या कर्करोगात पाय काढावा लागतो, आणि कुत्रे तीन पायांवर चालायला लवकर शिकते. कुत्र्याला दिली जाणारी मात्रा माणसाच्या मानाने सौम्य ठेवतात, कारण येथे आयुष्य कसेही लांबवण्यापेक्षा ते सुखात जावे, हा हेतू असतो. खर्च आणि अंतर या अडचणी मात्र खऱ्या आहेत. मोठ्या तपासण्यांसाठी शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय, उदगीरचे महाविद्यालय किंवा मुंबईत परळचे पशुवैद्यक महाविद्यालय गाठावे लागते. उपचार झेपत नसतील तर वेदनाशमन आणि शेवटी पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मृत्यू हाही दयेचा मार्ग आहे. पण तो निदानानंतरचा निर्णय आहे. निदानाशिवाय हात झटकणे म्हणजे दया नव्हे.

याच मताच्या पोटात घरगुती इलाज दडलेले असतात. गाठीला डाग देणे, रुईचा चीक लावणे, जळके ऑइल फासणे, हळद थापणे. डागाने आणि चिकाने कातडी जळते, जखम चिघळते आणि तिच्यात अळ्या पडतात. ऑइल कुत्रे चाटते आणि ते पोटात जाते. हळदीने सहसा इजा होत नाही, पण महत्त्वाचे महिने तिच्यात निघून जातात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या याहून वाईट: आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

पाचवे मत नसबंदीविषयीचे. मादीला निदान एक वेत होऊ द्यावे, नाहीतर तिला रोग जडतात, हा त्याचा सर्वपरिचित अवतार. वेताने कर्करोगापासून संरक्षण मिळते, याला आधार नाही. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या माद्यांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका नसबंदी न झालेल्या माद्यांच्या ०.५ टक्के, पहिल्या माजानंतर ८ टक्के आणि दुसऱ्यानंतर २६ टक्के आढळला. २०१२ च्या एका आढाव्याने या विषयावरचा पुरावा मानला जातो तितका भक्कम नसल्याचे दाखवले, हेही सांगायला हवे. शिवाय रॉटवायलर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्यास हाडांच्या व सांध्यांच्या विकारांचे आणि काही कर्करोगांचे प्रमाण वाढल्याचे अभ्यास आहेत. तेव्हा पाळीव मोठ्या कुत्र्याच्या नसबंदीचे वय पशुवैद्याशी बोलून ठरवावे, एवढे तथ्य या मतात उरते. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार मात्र नसबंदीने टळतो, यात वाद नाही. मोकाट कुत्र्यांबाबत तर प्रश्नच उरत नाही. समागम थांबला की संसर्गजन्य कर्करोगाची मुख्य वाट बंद होते. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. त्या कामाकडे केवळ कुत्र्यांची संख्या घटवण्याचा उपाय म्हणून पाहिले जाते. ते कर्करोगप्रतिबंधाचेही काम आहे.

खंडन येथे संपते. करायचे काय, याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातच, माणसांच्या कर्करोगाच्या बाबतीत मिळाले आहे. १९८७ मध्ये बार्शी येथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यात रुग्णालये नव्हती, तेव्हा कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांना लक्षणे सांगितली आणि संशयित रुग्णांना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयापर्यंत आणले. पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवले, की एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात. लक्षण माहीत असलेला माणूस आणि वेळेवर झालेली तपासणी एवढ्यावर फरक पडतो. कुत्र्याच्या बाबतीत तो माणूस म्हणजे त्याचा मालक.

त्याने महिन्यातून एकदा कुत्र्याच्या अंगावरून पद्धतशीर हात फिरवावा. ओठ उचलून हिरड्या, टाळू आणि जीभ पाहावी. जबड्याखाली, खांद्यापुढे, जांघेत आणि मागच्या पायाच्या गुडघ्यामागे लसिका ग्रंथी असतात. त्या दोन्ही बाजूंना सुजल्या असतील तर दवाखाना गाठावा. मादीचे सगळे सड एकेक करून चाचपावेत, नराचे वृषण सारख्या आकाराचे आहेत का ते पाहावे. शेपटीखाली आणि बोटांच्या बेचक्यांतही पाहावे. सापडलेल्या गाठीची जागा, माप आणि तारीख लिहून ठेवावी. आतला रोग वागणुकीतून कळतो: खाणे चालू असून वजन घटणे, न भरणारी जखम, एका नाकपुडीतून रक्त, तोंडाची असह्य दुर्गंधी, लघवीला त्रास, मुका मार नसताना टिकून राहणारे लंगडणे. हिरड्या अचानक पांढऱ्या पडून कुत्रे कोसळले तर पानथरीतली गाठ फुटून पोटात रक्तस्राव झालेला असू शकतो; तेथे तासाचाही उशीर परवडत नाही. शस्त्रक्रियेची वेळ आली तर कारवानी कुत्र्याच्या मालकाने जात आवर्जून सांगावी. अशा सडपातळ शिकारी कुत्र्यांवर भुलेच्या काही औषधांचा परिणाम लांबतो.

दीर्घ आरोग्याचा पाया मात्र रोजच्या सवयींत आहे. ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या अमेरिकी अभ्यासात पाव हिस्सा कमी खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांत भरू नयेत, असे वजन राखावे. सोलापूरच्या उन्हात पांढऱ्या, आखूड केसांच्या कुत्र्याच्या पोटाच्या उघड्या कातडीला कर्करोगाचा धोका असतो. दुपारी त्याला सावली मिळावी. शेणकिड्यांतून शिरणारा स्पायरोसर्का हा जंत अन्ननलिकेत गाठी करतो आणि त्यांतल्या काहींचा कर्करोग होतो. म्हणून गोठ्याजवळ वावरणारे कुत्रे गिळलेले वारंवार उलटून टाकत असेल, तर पशुवैद्याला दाखवावे आणि जंतनाशक त्याच्या सल्ल्याने द्यावे. डाळिंब-द्राक्षाच्या बागेत फवारणी झाली की ती वाळेपर्यंत कुत्रे बाहेर ठेवावे. घरात ओढलेल्या विडी-सिगारेटचा धूर कुत्र्याच्याही फुप्फुसात जातो, हे विसरू नये.

यांतल्या बहुतेक गोष्टींना यंत्र लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. कुत्र्याचा कर्करोग नेहमी बरा होत नाही. पण जो वेळेवर हाताला लागतो, तो पुष्कळदा आटोक्यात येतो. त्यामुळे गाठ सापडली की शेजाऱ्याचे मत विचारण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे आणि सुईची तपासणी मागून घ्यावी.