चौरस फुटाच्या दरात न बसणारा पाया

घरमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘स्क्वेअर फुटाला काय घेणार?’ आपणही जागा न बघता आकडा सांगून मोकळे होतो. तुळजापूरजवळ बालाघाटाच्या माथ्यावर बऱ्याच ठिकाणी फूट-दीड फुटावर मुरूम लागतो. तेरणा, मांजरा, सीना यांच्या खोऱ्यांत तोच जेसीबी पुरुषभर खाली गेला तरी बकेटीत काळीच येते. दर मात्र दोन्हीकडे एकच. मग तोटा भरून काढायला सळईत किंवा पायाच्या खोलीत हात मारला जातो, हे आपण सगळेच जाणतो.

जुन्या माळवदाला काळीचा त्रास कमी होता. दोन-अडीच फुटी भिंती आणि वर मातीचा थर, एवढं ओझं फुगणाऱ्या मातीला दाबून धरायचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात तेच ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. त्यानंतर आपण पट्टे, कॉलम, बीम शिकलो, ते योग्यच झालं. पण घर हलकं झालं, आणि हलक्या एकमजली घराला फुगलेली माती सहज उचलते. दुमजली बंगल्याच्या आधी घरकुलाच्या दोन खोल्यांना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते ती यामुळे. आणि प्रधानमंत्री आवास योजनेचे 1 लाख 20 हजार रुपये मुरमावरच्या लाभार्थ्याला तेवढेच आणि काळीतल्यालाही तेवढेच.

जरा हिशेब मांडू. 20 बाय 25 फुटांचं घर, मध्ये एक आडवी भिंत, म्हणजे 110 फूट पाया. चर 3 फूट रुंद. चारऐवजी सात फूट खोल जायचं ठरलं तर जवळपास 10 ब्रास जादा खोदाई, आणि तेवढीच भराई. धुम्मस केलेला मुरूम बसतो, म्हणून मागवायचा त्याहून जास्त. याच घराचा भार 30 सेंटिमीटर व्यासाच्या, 75 सेंटिमीटर फुग्याच्या, साडेतीन मीटर खोल अंडर-रीम्ड पाइलवर घेतला तर बारा पाइलना काँक्रीट लागतं सुमारे 4 घनमीटर. सळई, ग्रेड बीम आणि बीमखालची सुमारे 8 सेंटिमीटरची मोकळी जागा हे वेगळं धरा. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने हे तंत्र काळ्या मातीसाठीच रुळवलं, आयएस 2911 च्या तिसऱ्या भागात ते आहे. तालुक्याच्या गावी फुगा पाडणारं ऑगर आणि ते चालवणारा माणूस सहज मिळत नाही, ही खरी अडचण. दोन-चार ठेकेदारांनी मिळून एक संच घेतला तर ती सुटू शकते.

‘मुरूम भरला की झालं’ ही समजूतही तपासायला हवी. काळीत खोदलेल्या चरात भुसभुशीत मुरूम ओतला की चराचा हौद होतो. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि बाजूची माती आतून भिजत राहते. मुंबई आयआयटीच्या प्रा. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर सुचवला होता. चिकटपणा त्यात मुद्दामच आहे. मुरूम निवडताना आपण तेवढंच विसरतो. त्यात भर म्हणून मोरीचं पाणी जिरवायला शोषखड्डा भिंतीला खेटून! बाहेरून फरशीचा उताराचा पट्टा नाही, शोषखड्डा पायाशी, म्हणजे एका कोपऱ्यातली माती बारमाही ओली आणि दुसऱ्या कोपऱ्यात उन्हाळी भेगा. चीर जाणारच.

माती किती फुगते हे कळायला फार खर्च येत नाही. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली प्रत्येकी 10 ग्रॅम माती 100 मिलिलिटरच्या दोन नळ्यांत टाकायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. हवेचे बुडबुडे ढवळून काढायचे आणि माती बसायला किमान 24 तास द्यायचे. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली किती जास्त चढली ते टक्क्यांत मोजायचं. आयएस 1498 नुसार 50 टक्क्यांच्या आत असेल तर माती निरुपद्रवी, 100 च्या वर गेली तर साधा चर विसरा. बांधकाम शिकवणाऱ्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत हे होऊ शकतं.

तेव्हा दर सांगण्याआधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घ्या, दोन्हींची माती तपासा, आणि अंदाजपत्रकात जोत्याखालचं काम वेगळ्या कलमात, प्रत्यक्ष मोजमापावर लावा. चौरस फुटाचा दर जोत्याच्या वर सुरू होऊ द्या. मालक कुरकुर करेल, शेजारचा ठेकेदार स्वस्तात सांगतो म्हणेल. त्याला दोन्ही नळ्या दाखवा.