‘लस’ या शब्दाचा उगम आणि ‘प्राचीन लसीकरणा’चा भ्रम

१/ ‘लसीकरण मुळात भारताचेच, जेन्नरने त्यावर फक्त आपले नाव लावले’, असा मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत येतो. हा दावा चुकीचा आहे. शिवाय ज्या पूर्वजांच्या गौरवासाठी तो केला जातो, त्यांचे खरे कर्तृत्वच तो झाकून टाकतो. या भ्रमाचे मूळ शब्दांच्या गोंधळात आहे. म्हणून आरंभ शब्दांपासूनच करू.

२/ ‘व्हॅक्सिन’ हा शब्द लॅटिन ‘व्हाक्का’, म्हणजे गाय, यावरून आला. १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर याने गायीच्या देवी झालेल्या एका गवळणीच्या हातावरील फोडातील द्राव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडात टोचला. १७९८ च्या आपल्या ग्रंथात त्याने या रोगाला ‘गायीच्या देवी’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. १८८१ मध्ये लुई पाश्चर याने जेन्नरच्या सन्मानार्थ हाच शब्द इतर रोगांच्या लशींनाही लावावा असे सुचवले. तेव्हापासून गायीशी संबंध नसलेली लसही ‘व्हॅक्सिन’ ठरली.

३/ मराठी ‘लस’ या शब्दात गाय नाही. जखमेतून वा फोडातून पाझरणारा पातळ, चिकट द्राव म्हणजे लस. संस्कृत ‘लसीका’ हा त्याचाच आप्त. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला बसऱ्यामार्गे आलेली लस टोचली गेली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण. तिच्या दंडावरील फोडातून लस घेऊन इतर मुलांना टोचली, आणि अशीच ती दंडावरून दंडावर पुढच्या शहरांत पोहोचली. औषधाची कुपी तेव्हा नव्हती. तो पाझरणारा द्राव हेच औषध होते. मराठी शब्दाने नेमकी तीच गोष्ट जपली आहे.

४/ मग त्यापूर्वी भारतात काय होते? बंगालमध्ये ‘टीका’ देण्याची प्रथा होती. हॉलवेल या इंग्रज वैद्याने १७६७ साली तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. टीकादार ठरावीक ऋतूत गावोगाव फिरत. दंडावर बारीक ओरखडे काढून, मागील वर्षीच्या देवीच्या फोडांतील द्रावात भिजवून ठेवलेला कापूस ते त्यावर ठेवीत. खाण्यापिण्याचे कडक पथ्य सांगत.

५/ भेद इथेच आहे. टीकादार टोचत ती माणसाचीच देवी. टोचलेल्यास खरा रोग होई, बहुधा सौम्य. पण त्याच्यापासून इतरांना संसर्ग होऊ शके. नैसर्गिक देवीने शंभरातील सुमारे तीस रोगी दगावत, या टोचणीने एखाद-दोन. हा लाभ प्रचंड होता, पण ते लसीकरण नव्हते. जेन्नरच्या पद्धतीत माणसाची देवी कुणालाच होत नसे.

६/ हिंदीत आजही ‘व्हॅक्सिन’ला ‘टीका’च म्हणतात. एकच शब्द जुन्या प्रथेला आणि नव्या पद्धतीलाही. ‘प्राचीन टीका’ असा हिंदी मजकूर मराठीत येताना ‘प्राचीन लसीकरण’ होतो, आणि भाषांतराच्या एका चुकीतून इतिहास तयार होतो.

७/ ‘धन्वंतरीच्या ग्रंथात गायीच्या देवीचा उल्लेख आहे’, हा पुरावा मात्र भाषांतराची चूक नव्हे, बनावट आहे. १८१९ मध्ये मद्रासच्या एका वृत्तपत्रात टोपणनावाने ही माहिती प्रसिद्ध झाली. डॉमिनिक वुजास्तिक या अभ्यासकाने १९८७ मध्ये या दाव्याची चिकित्सा केली. त्यामागे एफ. डब्ल्यू. एलिस या संस्कृतज्ञ कंपनी-अधिकाऱ्याचा हात दिसतो. उपाय गोमातेपासून आला असे पटले तर लोक लस घेतील, हा हेतू. म्हणजे आज ज्यावर छाती फुगवली जाते, तो कंपनी सरकारच्या माणसाने रचलेला प्रचार आहे!

८/ ‘शब्दांचा एवढा कीस कशाला? हेतू तर एकच होता’, असे कुणी म्हणेल. पण हा भेद पुसला की इंग्लंडने १८४० मध्ये स्वतःच्याच देशात जुन्या टोचणीवर बंदी का घातली, हे कळणार नाही. टीकादारांवर विश्वास असलेल्या कुटुंबांना नव्या लशीची शंका का वाटली, हेही कळणार नाही. त्यांना ‘अडाणी’ ठरवणारे वसाहतवादी आणि ‘सर्व काही आमचेच’ म्हणणारे आपले अभिमानी, दोघेही त्या माणसांचे ऐकत नाहीत.

९/ टीकादारांचा खरा मान वेगळा आहे. एकदा सौम्य रोग झाला की पुढे रक्षण होते, हे अनुभवजन्य ज्ञान त्यांच्यापाशी होते. तेच चीनमध्ये, उस्मानी तुर्कस्तानात, पश्चिम आफ्रिकेतही होते. खुद्द जेन्नरलाही बालपणी ही जुनी टोचणी झाली होती, आणि फिप्सला संरक्षण मिळाले की नाही हे त्याने तिच्याच साहाय्याने पारखले. लशीचा शोध या ज्ञानाच्या खांद्यावर उभा आहे. हे सत्य पुरेसे मोठे आहे. त्याला बनावट श्लोकांची गरज नाही.

१०/ म्हणून पुढच्या वेळी ‘प्राचीन लसीकरणा’चा संदेश आला की एकच प्रश्न विचारा: टोचले काय होते, माणसाची देवी की गायीची? उत्तर देता येत नसेल, तर तो संदेश पुढे पाठवू नका.