तुलना करायचीच, तर नीट करू

गेल्या हंगामाच्या तोंडावर कळंब तालुक्यातल्या एका गावात बालविवाहाच्या प्रश्नावर बैठक होती. दसरा झाला की टोळ्या निघणार, त्याआधी दोन-तीन मुलींची लग्नं उरकायची घाई गावात चाललेली. बायका मोकळेपणानं बोलत होत्या. पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं? फडात न्यावं तर आडोसा नाही. लग्न लावलं की नवा कोयता तयार होतो, उचल मिळते. बोलणं उचलीवर आलं तसे समाजमंदिराच्या दारात उभे असलेले गावातले एक पुढारी म्हणाले, "ताई, आपलं लई बरं हाय. त्या बांगलादेशात जाऊन बघा, म्हंजे कळंल!" पुरुष हसले. बैठक तिथेच विस्कटली.

सगळ्या गेल्यावर मागं बसलेल्या एक आजी जवळ आल्या. "तिकडच्या बायांचं कसं असतंय व ताई?" मला धड उत्तर देता आलं नाही. समाजकार्याची पदवी घेतली, बारा वर्षं या जिल्ह्यात काम केलं, पण शेजारच्या देशातल्या आपल्यासारख्याच बायांबद्दल चार वाक्यं नीट सांगता येऊ नयेत याची लाज वाटली. म्हणून हा लेख.

मैत्रिणींनो, तो टोमणा एका पुढाऱ्याचा नाही. बाईनं प्रश्न विचारला की तिला तिच्याहून वाईट स्थितीतली दुसरी बाई दाखवायची, ही पुरुषसत्तेची जुनी युक्ती आहे. सासू म्हणते, आमच्या वेळी बघायचं होतंस. नवरा म्हणतो, शेजारचा रोज मारतो, मी कधीतरीच. आणि देश म्हणतो, बांगलादेशात बघा. वर या टोमण्यात धर्माचा एक खडाही असतो, तो कुणाला उद्देशून फेकलेला असतो हे आपल्याला कळतं.

उलट्या बाजूनंही हेच होतं. २०२० च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं अंदाज वर्तवला की त्या वर्षी दरडोई उत्पन्नात बांगलादेश भारताच्या किंचित पुढे जाईल. लगेच गदारोळ झाला. आपली नाक कापल्याची भाषा सुरू झाली. क्रिकेटच्या सामन्यासारखी ही तुलना. धावफलकावर दोन झेंडे, आणि बाई कुठेच नाही.

सुरुवात कुठून झाली

१९७० चं महाभयंकर चक्रीवादळ, १९७१ चं युद्ध, हजारो बायांवर झालेले बलात्कार, १९७४ चा दुष्काळ. या अवस्थेत बांगलादेश जन्मला आणि अमेरिकेच्या राज्यकर्त्यांनी तेव्हाच त्याला कायमचा परावलंबी देश ठरवून टाकलं. त्याच सुमारास इथे १९७२ चा दुष्काळ होता. आपल्या आया-आज्या खडी फोडत होत्या, सुकडीवर दिवस काढत होत्या. त्या उपाशी माणसांच्या रेट्यातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली आला आणि त्याच धर्तीवर २००५ चा देशभरचा कायदा झाला. भुकेच्या बाबतीत आपण आणि ते तेव्हा फार लांब नव्हतो.

मग काय झालं? १९९० च्या सुमारास बांगलादेशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे १४५ पाच वर्षांची होण्याआधी दगावत. भारतात सुमारे १२५. वीस वर्षांत बांगलादेशाचा आकडा पन्नासच्या आत आला आणि भारताच्याही खाली गेला. या वीस वर्षांत भारताचं दरडोई उत्पन्न मात्र झपाट्यानं वाढत बांगलादेशाच्या दुपटीच्या घरात पोचलं होतं. जाँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात याच विसंगतीवर बोट ठेवलं. त्यानंतर भारतानंही ही दरी भरून काढली आहे. दोन्ही देश आता तिशीच्या आसपास आहेत. पण मधल्या वर्षांत जी बाळं गेली ती श्रीमंत होत चाललेल्या देशात गेली, हे विसरून कसं चालेल?

गूळ, मीठ आणि दारावर आलेली बाई

हे झालं कसं? चमत्कार झाला नाही. १९८० ते १९९० या दहा वर्षांत 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचं सरबत जुलाब झालेल्या बाळाला कसं द्यायचं ते त्यांनी आईला समोर बसवून शिकवलं. सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. कार्यकर्तीचं मानधन तिनं किती घरं केली यावर नव्हतं. आईच्या किती लक्षात राहिलं हे नंतर तपासून ते ठरे. सावरच्या 'गणस्वास्थ्य केंद्रा'त डॉ. जफरुल्ला चौधरींनी गावातल्या मुलींना आरोग्याचं शिक्षण देऊन सायकलवर बसवलं. बाई सायकलवर, हेच तिथल्या गावाला पहिलं औषध होतं. १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना सरकारनं विद्यावेतन दिलं. अटी तीन: हजेरी, गुण आणि लग्न न करणं. उघड्यावर शौचाला जाणं तिथे साध्या, स्वस्त संडासांनी आटोक्यात आलं. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत निम्मी घरं संडासाविना होती.

मूठभर गूळ! गुळाचं आपल्याला काय अप्रूप? आपल्या भागात गुऱ्हाळं काय कमी आहेत? अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं नव्वदच्या दशकात गावातल्या अल्पशिक्षित बायांनाच 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं, ते काम याच जातीचं. म्हणजे शहाणपण आपल्याकडेही होतं. ते एका संस्थेचं काम राहिलं, सरकारचं धोरण व्हायला 'आशा' येईपर्यंत वाट पाहावी लागली. आणि आशाताईंना कर्मचारी म्हणायला सरकार तयार नाही, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या जानेवारीत राज्यभरच्या आशांना संपावर जावं लागलं. ब्रॅकच्या आरोग्यसेविकासुद्धा अशाच 'स्वयंसेविका', औषधं विकून मिळेल त्या थोड्या कमाईवर राबणाऱ्या. दोन्ही देशांनी बाळं वाचवली ती बाईच्या स्वस्त श्रमांवर, हेही याच तुलनेत लिहून ठेवू.

या सगळ्यातून एक गोष्ट पक्की होते. गरिबी आहे म्हणून, समाज मागास आहे म्हणून, धर्म आडवा येतो म्हणून बाईचं काही होत नाही, ही सबब खोटी आहे. आपल्याहून गरीब, पुरानं दरवर्षी धुऊन निघणाऱ्या, मुस्लिम बहुसंख्येच्या देशात मुली शाळेत गेल्या आणि बायांनी मुलांची संख्या स्वतः आटोक्यात आणली. तुलनेचा खरा उपयोग हाच. अभिमानासाठी नाही, सबब मोडण्यासाठी.

कुणाच्या पाठीवर?

पण तिकडे स्वर्ग आहे असं मी आजींना सांगणार नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. कपडे शिवणारी अकराशेहून जास्त माणसं मेली, त्यांत बहुसंख्य बाया. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तरी पगार कापण्याची धमकी देऊन त्यांना आत पाठवलं. परदेशी दुकानांतले स्वस्त सदरे त्यांनी शिवलेले होते.

आता आपल्याकडे वळू. २०१९ साली राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. शंभरात जवळजवळ सतरा. भूम, वाशी, कळंब, परंड्याच्या बाया त्याच फडात, त्याच मुकादमांच्या हाताखाली असतात. पाळी आली तरी मोळी उचलायची, कारण खाडा झाला की दंड. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न, विशीत दोन बाळंतपणं आणि नसबंदी, तिशीत पिशवी काढलेली. आपल्या राज्यात लग्न झालेल्या बायांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांत शंभरात एकाचीही नाही. बांगलादेशात मुख्य साधन गोळी, पण तिथेही गरीब बायांच्या दंडात नॉरप्लांट बसवून प्रयोग झाले आणि 'उबिनिग'च्या फरीदा अख्तर यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्याच काळात आपल्याकडे नेट-एन या इंजेक्शनाविरुद्ध बायांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या. लढाई एकच होती, मध्ये फक्त सरहद्द होती.

एक फरक मात्र बारकाईनं पाहायला हवा. ढाक्याच्या कारखान्यातली मुलगी कितीही पिळली जात असली तरी पगार तिच्या नावावर निघतो. आपल्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, हिशोब मुकादमाच्या वहीत, बाईचं नाव कुठेच नाही. ती निम्मा ऊस तोडते, मोळी डोक्यावर वाहते, पहाटे स्वयंपाक करते, आणि मजूर म्हणून मोजली जाते अर्धी! मुलगी कमावते हे तिकडच्या बापाला दिसतं. मुलगा हवाच हा हट्ट तिथे सैल झाला त्याचं हे एक कारण अभ्यासक मानतात. तिथे मुलींच्या जन्माचं प्रमाण निसर्गाला धरून राहिलं. आपल्या शेजारच्या बीडमध्ये २०११ साली सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. सोनोग्राफीचं यंत्र घ्यायला आपण श्रीमंत होतो, मुलगी ठेवायला गरीब.

देशाची सरासरी आणि आपला जिल्हा

पुढाऱ्यांच्या टोमण्याला एका बाबतीत आधार आहे. बांगलादेशात आजच्या विशीतल्या जवळपास निम्म्या बायांची लग्नं अठराच्या आत झाली. विद्यावेतनानं मुली शाळेत आल्या, पण बालविवाह हटला नाही. उलट २०१७ च्या तिथल्या कायद्यात 'विशेष परिस्थिती'च्या नावाखाली पळवाट ठेवली गेली. भारताची सरासरी २३ टक्के. मग आपण पुढे? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणीचा आकडा ४८ टक्के आहे, बीडचा चाळिशीच्या वर. ही माणसं कोणत्या देशात राहतात? मुंबई-पुण्याच्या आकड्यात मराठवाड्याची मुलगी मिसळून टाकायची आणि त्या सरासरीवर छाती फुगवायची, हा कुठला न्याय? धाराशिवची निवड २०१८ साली देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत झाली, ती काही कौतुक म्हणून नव्हे. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. पाटी बदलायला जी तत्परता दिसली तिच्या दशांश तत्परता मुलींच्या वसतिगृहासाठी दिसली असती तर?

कायद्यांत आपण पुढे आहोत हे खरं. बांगलादेशातल्या हिंदू बाईला वडिलांच्या इस्टेटीत मुलासारखा हक्क नाही. मुसलमान बाईला भावाच्या निम्मा. एप्रिल २०२५ मध्ये 'नारीपक्ष'च्या शिरीन हक यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं समान हक्काची शिफारस केली, तर कट्टर संघटना ढाक्याच्या रस्त्यावर उतरल्या. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, २००५ मध्ये देशानं. पण मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या? माहेर तुटू नये म्हणून, भाऊबीजेची साडी चालू राहावी म्हणून! तिथल्या बाईकडे कायदा नाही, आपल्याकडे कायदा आहे आणि जमीन नाही. कुणी कुणाला हसावं?

आता काय

पुढच्या वेळी कुणी बांगलादेश दाखवला तर गप्प बसू नका. म्हणा, चला करू तुलना. पण झेंड्यांची नाही, बाईच्या दिवसाची. ती किती वाजता उठते, पाणी किती लांबून आणते, तिची कमाई कुणाच्या हातात पडते, तिची पिशवी कुणी आणि कशासाठी काढली, जमीन कुणाच्या नावावर आहे.

दसऱ्याच्या आधीच्या ग्रामसभेत हे चार प्रश्न लेखी द्या आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. एक, गावातून जाणाऱ्या प्रत्येक बाईची मजूर म्हणून स्वतंत्र नोंद आणि ओळखपत्र आहे का? दोन, बारा ते सतरा वयाच्या मुलींची यादी केली का, आणि त्यांना मागं ठेवायला तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या मुलींचं सरकारी वसतिगृह चालू आहे का? तीन, ऊसतोडीला जाण्याआधी आणि आल्यावर बायांची आरोग्य तपासणी झाली का, आणि कुणाची पिशवी काढली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं होतं का? चार, या वर्षी गावात किती हक्कसोडपत्रं झाली?

आणि आजींना मी आता सांगेन. तिकडच्या बाया आपल्यासारख्याच आहेत आजी. काही बाबतींत आपल्या पुढे गेल्या, काही बाबतींत मागे आहेत. त्यांनाही कुणीतरी दारात उभा राहून सांगतच असणार की दुसरीकडे याहून वाईट आहे. त्यांनी ते ऐकून घेतलं असतं तर गुळाचं पाणी दारोदार पोचलं नसतं.