आई, तू बस!

दिवाळीच्या पहाटे आमच्या सोलापुरातल्या कोणत्याही घरात डोकावून पाहा. अभ्यंगस्नाने आटोपलेली असतात, पोरे फटाके उडवून फराळाच्या ताटांभोवती जमलेली असतात आणि माजघरात मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची मांडून तिच्यात घरातली म्हातारी बसवलेली असते. ‘बसवलेली’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. गौरी बसवतात ना, तशी! येणारा-जाणारा वाकून नमस्कार करतो. ती जरा कुठे उठू लागली की चारी बाजूंनी एकच गलका होतो, ‘आई, तुम्ही बसा! काय हवं ते सांगा, आम्ही देतो!’ गौरींची तिसऱ्या दिवशी सुटका होते. हिची होत नाही.

या ‘तुम्ही बसा’विरुद्ध मला भांडायचे आहे. ऐन सणात भांडण काढतो म्हणून रागावू नका. या गुन्ह्यातला पहिला आरोपी मीच आहे.

माझी आई मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यात राहायची. वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत ती आडाचे पाणी ओढत होती, चुलीपुढे उकिडवी बसून भाकऱ्या थापत होती, सुगीला शेंगा तोडायला रानात जात होती. वडील गेले आणि मी तिला मोठ्या कौतुकाने शहरात आणले. मुलगा मास्तर झाला, चार पुस्तके लिहिली, आता आईने सुखात राहावे, एवढीच इच्छा. घरात नळ होता, ओट्यावर गॅस होता, धुण्याभांड्याला बाई होती. तिने सोबत आणलेला दगडी खलबत्ता मी माळ्यावर टाकला आणि तिला एक खुर्ची आणून दिली. ‘आई, तू बस. आयुष्यभर केलंस, आता बस.’

ती बसली. दोन वर्षांत तिला जमिनीवरून कशाला तरी धरल्याशिवाय उठता येईना. तिसऱ्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि मनगट मोडले. प्लास्टर झाले, म्हणजे आणखी बसणे आले. मग गुडघ्याला पट्टे, वासाची तेले, दुखीच्या गोळ्या. भेटायला येणारा प्रत्येक जण चहा पिऊन एकच वाक्य बोलायचा, ‘वय झालं, चालायचंच.’ मीही मान डोलवायचो. शाळेत पोरांना ‘कारण द्या’ म्हणून प्रश्न घालणारा मी, घरात मात्र पहिले सापडेल ते कारण पत्करून मोकळा झालो होतो!

प्लास्टर निघाल्यावर व्यायामोपचार करणारी एक तरुण मुलगी आईला म्हणाली, ‘आजी, हात न टेकता खुर्चीतून उठा बघू.’ आईने तीनदा प्रयत्न केला. तीनदा ती मागे बसली. मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘सर, गुडघ्याचं नंतर बघू. आधी मांड्यांत काही उरलेलं नाही.’

तेव्हापासून मी या विषयाचे मिळेल ते वाचले. २००७ साली अमेरिकेत काही निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर पडून राहायला लावले. तेवढ्यात त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस झडले. दहा दिवसांत एक किलो! आणि आम्ही आमच्या आयांना वर्षानुवर्षे बसवतो, वर त्याला सेवा म्हणतो.

‘पण चालून गुडघे झिजतात’ हे शेजारच्या काकांचे पालुपद. गुडघा म्हणजे सायकलचा टायर नव्हे, काका. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हा त्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळते. गुडघेदुखीवर आज जगभरचे तज्ज्ञ जे उपाय आधी सांगतात त्यांत व्यायाम आहे आणि वजन आटोक्यात ठेवणे आहे. अंगावरचे एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो, असे मोजून पाहिलेले आहे. सुजलेला, गरम झालेला सांधा असेल, पडून दुखावलेला असेल, तर मात्र आधी डॉक्टर. तिथे मी मास्तरकी करणार नाही.

‘आता या वयात काय होणार?’ हे दुसरे पालुपद. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या, अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करवून घेतले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. नव्वदीत! आणि आमच्याकडे साठी उलटली की माणूस पायरीपाशी थांबून हात पुढे करतो, धरा म्हणून.

लांब कशाला जा? आमच्याच जिल्ह्यात पंढरपूर आहे. आळंदीपासून अडीचशे किलोमीटर चालत येणाऱ्या दिंड्यांत सत्तरी ओलांडलेल्या बाया डोक्यावर तुळस घेऊन चालतात. ज्यांना चालवत नाही त्या घरीच राहतात, तेव्हा वारीवरून सगळ्या म्हाताऱ्यांचा निवाडा करता येत नाही, हे मला कबूल आहे. पण सत्तरी म्हणजे खुर्ची, हा नियम कोणी केला, एवढे विचारायला ती वारी पुरेशी आहे. हिंगण्याहून पुण्याला पायी ये-जा करणारे महर्षी कर्वे १९६२ साली वारले ते एकशे चार वर्षांचे होऊन. सूर्यनमस्कारांचा हिरिरीने पुरस्कार करणारे पंडित सातवळेकर १८६७ साली जन्मले आणि १९६८ साली गेले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तर संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते आणि आमच्या सांगोल्याला लागून असलेली आटपाडी त्याच संस्थानातली. नमस्कार घातले की शंभरी भरते असे मी म्हणत नाही. पंत स्वतः ब्याऐंशीव्या वर्षी गेले. पण वाकणे, उठणे, स्वतःचे ओझे स्वतःच्या हातापायांवर तोलणे, ही विद्या आपल्या दाराशी होती आणि आपण ती शाळेच्या स्नेहसंमेलनापुरती ठेवली.

आता कोणी म्हणेल, मास्तर, ज्यांचा जन्म कष्टात जातो त्यांना कसला व्यायाम सांगता? हा आक्षेप मात्र खरा आहे. आमच्या पूर्वभागात विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर मान खाली घालून बसते. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा असतो. त्यांचे श्रम थोडे नाहीत, पण ते एकाच ठिकाणी एकाच अंगाला पडणारे श्रम आहेत. पहिलीला हवे आहे मधून मधून उठून चालणे आणि पाठ मागे ताणणे. दुसऱ्याला हवी आहे विश्रांती. त्यांना पहाटे फिरायला जाण्याचा उपदेश करणारा माणूस एक तर पेन्शनर असतो, नाही तर लेखक. मी त्यांना एवढेच सांगेन की दुखणे ‘नशिबाचे’ म्हणू नका. त्यातले बरेचसे कामाचे आहे, आणि कामाच्या दुखण्याबद्दल मालकाशी बोलता येते.

पहाटे फिरणारेही पाहावेत! सिद्धेश्वर तलावाच्या काठाने बुटांच्या जोड्या फिरत असतात, त्यांत पुरुषच अधिक. त्यांच्या घरच्या बायका त्या वेळी चहाचे आधण ठेवत असतात. फिरून आलेले साहेब ‘आज पाच किलोमीटर झाले’ असे सांगत तीन वडे खातात.

आणि ताटाचे काय? इथे तर मी आणखी मोठा गुन्हेगार. ‘म्हातारपणी हलके खावे’ म्हणून आम्ही आईला सकाळी चहा-बटर, दुपारी एक भाकरी नि पातळ आमटी, रात्री मऊ भात देत होतो. एके दिवशी शाळेतल्या तक्त्यासारखा तक्ता आखून मी तिच्या जेवणातली प्रथिने मोजली. पंचवीस ग्रॅमच्या पुढे आकडा जाईना! वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम किंवा थोडे अधिक प्रथिन उतारवयात लागते, म्हणजे तरुणाहून कमी नव्हेच. पंचावन्न किलोंच्या बाईला पंचावन्न-साठ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी स्वतःच्या आईचे ताट पाहावे. आणि ती शेवटी जेवते का, हेही पाहावे. उरलेली डाळ पातळ करून, कालची भाकरी कुस्करून जेवण्याला आपण इतकी वर्षे मायेचे नाव दिले आहे.

उपाय परदेशातून आणायचा नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते उगीच नव्हे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात. तिच्यात जे उणे पडते ते डाळ भरून काढते. म्हणून भाकरीबरोबर घट्ट वरण किंवा उसळ हवी. शेंगदाण्यांत शेकडा चोवीसच्या आसपास प्रथिने, म्हणजे आमची शेंगाचटणी काही नुसती तोंडीलावणे नाही. हुलग्याची शेंगोळी गरिबाची म्हणून आपण विसरलो. हाडांसाठी दूध, दही, तीळ, नाचणी. आणि ऊन! सोलापुरात ज्याचा तुटवडा कधी पडला नाही ते ऊन आमच्या म्हाताऱ्यांच्या अंगाला मात्र लागत नाही, कारण आम्ही त्यांना आत बसवतो. दिवाळीच्या अंकात चकली-करंजीची निंदा करण्याइतका मी अरसिक नाही. पण आजीच्या ताटात शेवचिवड्याशेजारी वाटीभर उसळ ठेवली तर लक्ष्मी रुसणार नाही.

आईचे पुढे काय झाले ते सांगतो. खुर्चीतून उठणे-बसणे, आधी हात टेकून पाच वेळा, मग न टेकता. ओट्याला धरून टाचा उचलणे. गल्लीच्या टोकापर्यंत चालणे, मग देवळापर्यंत. पहिला महिना ती मला शिव्या देत होती. चौथ्या महिन्यात ती पाटावर बसून जेवली आणि भिंतीला हात लावून उठली. चमत्कार काही झालेला नाही: जिना उतरताना गुडघा अजून बोलतो, थंडीत मनगट ठणकते, आणि गोळ्यांची पट्टी पुरती बंद झालेली नाही, महिन्याची होती ती आता तीन महिने पुरते. आज ती एकाहत्तर वर्षांची आहे.

गेल्या आठवड्यात तिने मला माळ्यावर चढवले. खलबत्ता खाली काढायचा होता. दिवाळीची शेंगाचटणी मिक्सरात केलेली तिला चालत नाही. तो दगड घेऊन मी शिडीवरून उतरलो तेव्हा मला धाप लागली होती. आईने माझ्याकडे पाहिले, खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाली, ‘बस, लेका. तुझं वय झालं.’