सर्व्हरची झाडलोट घड्याळावर सोपवा

जळगाव-धुळ्यात आता पतसंस्था, शाळा, क्लासवाले, केळीचे व्यापारी अशा कितीतरी जणांच्या वेबसाइट आहेत. पुष्कळशा गावातल्याच एखाद्या पोराने करून दिलेल्या. हे सांगणे त्या पोराला आहे आणि साइटच्या मालकालाही.

साइट बंद पडली की हॅकरच्या नावाने बोंब होते. खूपदा हॅकर-बिकर कोणी नसतो, डिस्क भरलेली असते. लॉगिन करून निघून गेलेल्यांची सेशन्स, अर्धवट राहिलेले अपलोड, महिनोन्‌महिन्यांचे लॉग. पांझरा नदीकाठच्या फडांत, म्हणजे सामायिक पाटावरच्या शेतीत, पाणी फिरवायला पाटकरी असतो, पण पाटातला गाळ शेतकऱ्यांनी आधी काढलेला असतो म्हणून ते शेवटच्या शेतापर्यंत पोचते. तुमच्या सर्व्हरचा गाळ काढणे कोणाकडे आहे?

पीएचपीचेच बघा. तिथे सेशन 1440 सेकंदांनी, म्हणजे 24 मिनिटांनी, शिळे धरतात. पुसले मात्र जाते नशिबाने: मूळ सेटिंगप्रमाणे सेशन सुरू होताना शंभरात एखाद वेळी. गिऱ्हाईक कमी असेल तर कचरा तसाच पडून, गर्दी असेल तर झाडण्याचा वेळ कोणा गिऱ्हाइकाच्याच माथी. डेबियन आणि उबुंटूने हा प्रकार बंद ठेवून ठरलेल्या वेळी सफाई लावली आहे. जँगोच्या डेटाबेसमधली शिळी सेशन्स तर आपोआप जातच नाहीत. त्यासाठी ‘क्लिअरसेशन्स’ ही आज्ञा नेमाने चालवावी लागते.

म्हणून हे काम क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सर्व्हरवरच्या घड्याळाला, द्या. वेब प्रोग्रामच्या आतच एक थ्रेड सोडून मोकळे होण्याचा मोह होतो, पण चार वर्कर असले की चौघेही तेच पुसायला धावतात. पहिली फेरी संपल्याशिवाय दुसरी सुरू होऊ नये, म्हणून लॉक ठेवा. लाखभर ओळी एका दमात पुसल्या तर टेबल अडून बसते, हजार-हजाराने पुसा. आणि सर्व्हर यूटीसीवर असेल, तर त्याचे रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात, हे विसरू नका.

सुरुवातीला नुसती यादी काढा, पुसू नका. पावत्या, हिशेबाच्या नोंदी कितीही जुन्या असोत, तो कचरा नव्हे. शेवटची सफाई कधी पूर्ण झाली ते कुठेतरी दिसू द्या, कारण क्रॉन बंद पडला तर कोणी सांगायला येत नाही.

मालकांनो, देखभालीचा करार करताना दोन ओळी लिहून घ्या: सफाई कोण बघणार, आणि डिस्क किती भरली की फोन कोण करणार. जूनमधली प्रवेशाची गर्दी सुरू होण्याआधी एवढे उरकून घ्या.