पन्नास डॉलरचे तिकीट आणि छत्तीस मजल्यांची इमारत

न्यूयॉर्क शहराचे तत्कालीन महापौर एरिक ॲडम्स यांच्यावरील भ्रष्टाचाराचा खटला न्यायाधीश डेल हो यांनी २ एप्रिल २०२५ रोजी कायमचा रद्द केला. ॲडम्स दोषी आहेत की निर्दोष, याच्याशी आपल्या निर्णयाचा संबंध नाही, हेही त्यांनी निकालपत्रात स्पष्ट केले. साक्षी झाल्या नाहीत, पुरावे तपासले गेले नाहीत, ज्यूरी बसलीच नाही. पुढे ॲडम्स यांनी फेरनिवडणुकीच्या रिंगणातून माघार घेतली आणि १ जानेवारी २०२६ रोजी भारतीय वंशाचे झोहरान ममदानी यांनी महापौरपदाची सूत्रे स्वीकारली. राजकारण पुढे सरकले आहे. परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आरोपपत्रातील तपशील आजही वाचण्याजोगे आहेत. कारण प्रवासखर्च, बांधकाम आणि लोकप्रतिनिधीचे अधिकार यांची जी गुंतवळ त्यातून समोर येते, ती महापालिका असलेल्या कोणत्याही शहराला अपरिचित नाही.

ॲडम्स यांच्यावर पाच आरोप ठेवण्यात आले होते आणि ते सर्व त्यांनी फेटाळले होते. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार, ब्रुकलिन या उपनगराचे अध्यक्ष असल्यापासून त्यांनी तुर्कस्तानातील उद्योजक आणि किमान एका तुर्की अधिकाऱ्याकडून एक लाख डॉलरहून अधिक किमतीच्या प्रवाससुविधा घेतल्या. इस्तंबूलमधील एका आलिशान हॉटेलात सुमारे ७,००० डॉलर भाड्याच्या दालनात दोन रात्रींचा मुक्काम आणि त्यापोटी भरलेली रक्कम ६०० डॉलरहूनही कमी, हे त्यातील एक उदाहरण. तुर्की विमान कंपनीत, जिच्यात तेथील सरकारचा मोठा हिस्सा आहे, बिझनेस क्लासची आसने मिळण्याची त्यांना इतकी सवय झाली होती की चिलीला सहलीला जाण्याचा विचार सुरू झाला तेव्हाही, या कंपनीची विमाने तिकडे जातात का, याची आधी विचारणा करण्यात आली, असे आरोपपत्र सांगते. फ्रान्सला जाताना वाट वाकडी करून इस्तंबूलला उतरण्याचा उल्लेखही त्यात आहे.

या सर्व तपशिलांत २०२१ मधील एक संभाषण सर्वाधिक बोलके आहे. इस्तंबूलच्या तिकिटांचे किती पैसे घ्यावेत, अशी विचारणा विमान कंपनीच्या व्यवस्थापकाने ॲडम्स यांच्या कर्मचाऱ्याकडे केली आणि स्वतःच पन्नास डॉलरचा आकडा सुचवला. तो आकडा कर्मचाऱ्याने नाकारला. नाकारण्याचे कारण रक्कम अन्यायकारक आहे हे नव्हते, तर ती खरी वाटणार नाही हे होते. सध्या साहेबांच्या प्रत्येक पावलावर लोकांचे लक्ष आहे, तेव्हा हजार डॉलरच्या आसपास काहीतरी लावा, असा त्या निरोपाचा आशय होता. आधीच्या एका प्रवासाबाबत, तिकिटाचे रोख पैसे पाकिटात घालून कर्मचाऱ्याच्या टेबलाच्या खणात ठेवले आहेत, असा ईमेल खुद्द ॲडम्स यांनी पाठवला होता. ही मागाहून केलेली कागदोपत्री सारवासारव होती, असा सरकारी पक्षाचा दावा होता.

लाच दिली-घेतली हे सिद्ध करणे कठीण असते आणि ते कठीणच असावे. मात्र ज्या व्यवहाराचे बिल ‘शोभेल’ अशा रकमेचे बनवावे लागते, त्या व्यवहाराचे स्वरूप संबंधितांना पुरते कळलेले असते. सौजन्य लपवावे लागत नाही. योगायोग असा की, शहराशी व्यवहार असलेल्या व्यक्ती वा संस्थेकडून लोकसेवकाने पन्नास डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीची भेट घेऊ नये, असे न्यूयॉर्कच्या हितसंबंधविषयक नियमांतच म्हटले आहे.

या मोबदल्यात मागितले काय गेले? संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयासमोर तुर्कस्तानच्या वाणिज्य दूतावासासाठी छत्तीस मजल्यांची इमारत उभी राहात होती. सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांच्या हस्ते तिचे उद्घाटन व्हायचे होते आणि अग्निशमन दलाची परवानगी अडली होती. तपासणी झाली असती, तर त्या वेळी ही इमारत तीत उत्तीर्ण झाली नसती, असे आरोपपत्रात नमूद आहे. आता परतफेडीची पाळी ॲडम्स यांची आहे, असा निरोप तुर्की अधिकाऱ्याने दिला. ॲडम्स यांनी अग्निशमन दलाच्या प्रमुखांशी संपर्क साधला. माघार घेतली नाही तर नोकरी जाईल, असे परवानगीची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला सांगण्यात आले. इमारत ठरल्या वेळी उघडली.

आगीच्या परवानगीची किंमत आपल्याकडे वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. मे २०२४ मध्ये राजकोटच्या ज्या गेम झोनला लागलेल्या आगीत २७ जण दगावले, तो अग्निशमन दलाच्या ना हरकत प्रमाणपत्राविनाच सुरू होता. न्यूयॉर्कमध्ये सुदैवाने तसे काही घडले नाही. परंतु अशा दूरध्वनीनंतर तपासनीसाची सही कोणत्या दडपणाखाली होते, हे दोन्हीकडे सारखेच.

ॲडम्स यांच्या बचावाचे मुद्दे अगदीच पोकळ नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. तेव्हा ते महापौर नव्हते. अग्निशमन दलावर त्यांचा कायदेशीर अधिकार नव्हता. मतदारसंघातील वा शहरातील कोणाची अडलेली परवानगी पुढे सरकवण्यासाठी दूरध्वनी करणे हे लोकप्रतिनिधीचे नेहमीचेच काम आहे. विमान कंपन्या प्रतिष्ठित प्रवाशांना वरच्या श्रेणीत बसवतात. शिवाय जून २०२४ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बचाव पक्षाच्या हाती एक मोठे शस्त्र दिले होते. इंडियानातील पोर्टेज या शहराचे माजी महापौर जेम्स स्नायडर यांनी ट्रक कंपनीला कंत्राटे मिळाल्यानंतर तिच्याकडून १३,००० डॉलर घेतले होते. आधी ठरवून घेतलेली ती लाच, कामानंतर मिळालेली ती बक्षिसी. आणि राज्ये व शहरांतील अधिकाऱ्यांनी घेतलेल्या बक्षिसीला संबंधित संघीय कायदा लागू होत नाही, असा निर्णय न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. ॲडम्स यांच्या वकिलांनी हाच आधार घेतला. न्यायाधीश हो यांनी डिसेंबर २०२४ मध्ये तो अमान्य करून लाचेचा आरोप कायम ठेवला. मात्र महापौरपद जवळपास निश्चित झालेल्या उमेदवाराचा दूरध्वनी आणि सामान्य नगरसेवकाचा दूरध्वनी यांत फरक करायचा की नाही, हे ज्यूरीने ठरवायचे राहून गेले.

भारतीय कायदा या बाबतीत, निदान शब्दांपुरता तरी, अधिक कडक आहे. २०१८ मध्ये सुधारणा झालेल्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाचे सातवे कलम गैरकामाबद्दल मागाहून स्वीकारलेल्या बक्षिसीलाही गुन्हा मानते. अकरावे कलम त्याहून नेमके आहे. ज्याचे काम आपल्या कार्यालयाशी निगडित आहे, अशा व्यक्तीकडून मोबदला न देता किंवा अपुरा मोबदला देऊन अनुचित लाभ घेणे, हाच त्यात अपराध ठरतो. पन्नास डॉलरच्या तिकिटाचे याहून समर्पक वर्णन सापडणार नाही.

खटला बुडाला तो मात्र या कोणत्याही मुद्द्यावर नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाच्या न्याय विभागानेच तो मागे घेण्याचे आदेश दिले. महापौरांना स्थलांतरितांविरुद्धच्या कारवाईत सहकार्य करता यावे, हे त्याचे एक कारण सांगण्यात आले. मॅनहॅटनच्या प्रभारी सरकारी वकील डॅनियल सासून यांनी आदेश पाळण्याऐवजी राजीनामा दिला आणि त्यांच्यामागोमाग इतरही काही वकिलांनी पद सोडले. आरोप पुन्हा ठेवण्याची मुभा राखून खटला मागे घ्यावा, अशी सरकारची विनंती होती. तसे झाल्यास महापौरांवर टांगती तलवार राहील, म्हणून न्यायाधीश हो यांनी ती मुभा नाकारली. आणि या साऱ्याला सौदेबाजीचा वास येतो, अशा शब्दांत आपली नाराजीही नोंदवली.

या प्रकरणातील छोट्या माणसांना अशी मोकळीक मिळाली नाही. दुसऱ्यांच्या नावे निवडणूक निधी पोहोचवल्याची कबुली ब्रुकलिनमधील एका बांधकाम व्यावसायिकाने जानेवारी २०२५ मध्ये दिली आणि त्याला ऑगस्टमध्ये एक वर्षाच्या परिवीक्षेची शिक्षा झाली. हा निधी महत्त्वाचा होता. कारण न्यूयॉर्कमध्ये छोट्या देणगीदाराच्या प्रत्येक डॉलरमागे महापालिका आठ डॉलरपर्यंत भर घालते, आणि २०२१च्या प्रचारात ॲडम्स यांना या मार्गाने एक कोटी डॉलरहून अधिक सार्वजनिक पैसा मिळाला होता. खटला मागे घेण्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, शहराच्या निवडणूक निधी मंडळाने पुढील प्रचारासाठी अशी भर देण्यास त्यांना नकार दिला. निर्णय छोटा होता, बातम्यांतही फार काळ टिकला नाही. पण ॲडम्स यांच्याविरुद्ध खुद्द शहराच्या यंत्रणेने उचललेले आणि अमलात आलेले तेवढे एक पाऊल म्हणावे लागेल.