फुटला नाही, बरं मग?

परभणीचे खासदार संजय ऊर्फ बंडू जाधव यांनी काय केलं, असं कुणाही शिवसैनिकाला विचारा. उत्तर ठरलेलं: "माणूस फुटला नाही!" खरं आहे. 2022 साली शिवसेनेचे बहुतेक खासदार एकनाथ शिंद्यांकडे गेले, जाधव उद्धव ठाकरेंकडेच थांबले. निवडून आलं की शिवसेनेला रामराम ठोकायचा, ही आमच्या खासदारांची जुनी ख्याती; म्हणून अप्रूप समजू शकतो. पण मास्तर शाळा सोडून पळाला नाही, एवढ्यावर त्याला आदर्श शिक्षकाचा पुरस्कार द्यायचा का?

2004 आणि 2009 ला आमदार, 2014 पासून सलग तीनदा खासदार. 'खान की बाण' म्हणत इथे पक्ष वाढला. 2024 च्या निवडणुकीत चिन्ह बाण नव्हतं, मशाल होती, तरी विरोधातले महादेव जानकर 1 लाख 34 हजार मतांनी आपटले. ज्या मुस्लिम मोहल्ल्यांचा बागुलबुवा दाखवून मतं मागितली, तेच या वेळी मदतीला धावले. त्याची परतफेड काय, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

ऑगस्ट 2020 मध्ये याच खासदारांनी पक्षप्रमुखांकडे राजीनामा धाडला होता. कशासाठी? पीकविम्यासाठी? रेल्वेसाठी? छे! जिंतूर बाजार समितीचं प्रशासक मंडळ राष्ट्रवादीच्या पदरात पडलं म्हणून. समजूत निघाली, राजीनामा बारगळला. बाजार समितीसाठी खासदारकी पणाला लावणारा माणूस दुहेरी रेल्वेमार्गासाठी कधी तसा पेटून उठला नाही.

विरोधी बाकावरच्या खासदाराचं दिल्लीत कोण ऐकतं, ही सबब 2014 ते 2019 ला लागू होत नाही. तेव्हा शिवसेना दिल्लीतही सत्तेत होती, मुंबईतही. आणि आमची गाडी मानवत रोडला क्रॉसिंगसाठी उभी! समोरची गाडी जाईपर्यंत चहा घ्या, भजी खा. परभणी-औरंगाबाद दुहेरीकरणाला केंद्राची मंजुरी मिळाली ती 2025 च्या जुलैत.

पेट्रोलचं तेच. देशातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून परभणीचं नाव गाजलं. कारण काय, तर इंधनाचा डेपो पार मनमाडला. वाहतुकीचा तो बोजा सोयाबीन घेऊन मोंढ्यात निघालेला शेतकरीही भरतो.

पुढच्या सभेत निष्ठेच्या नावाने कुणी टाळी मागितली, तर जरूर द्या. मग हात वर करा आणि मनमाडहून येणाऱ्या टँकरचं भाडं विचारा.